दरवाज्याचं दुसरं कुलूप

"अजून खाली," बायको म्हणाली.

ड्रायव्हर नवऱ्यानं ड्रिल बंद केलं. बसच्या दरवाज्याच्या आतल्या पत्र्याला दोन भोकं पाडून झाली होती. पहिलं छातीच्या उंचीवर, जिथं शहाण्या माणसांच्या घरात बटण असतं तिथं. ते बाईसाहेबांना पसंत पडलं नाही. दुसरं कमरेपाशी. तेही नाही. आता 'अजून खाली' म्हणजे काय, तर जमीनच तेवढी उरली होती.

"बटण लावतोय तरी कुणासाठी? मांजरासाठी?"

"आपल्याकडे मांजर नाही," ती म्हणाली आणि पलंगावर बसल्या बसल्या वाटाणे सोलत राहिली.

नोकरीची सगळी वर्षं त्यानं एकाच मार्गावर बस चालवली आणि त्याच बसमध्ये तिनं तिकिटं दिली. लग्नही त्या मार्गावरच जमलं. दोघं निवृत्त झाल्यावर भंगारात निघालेली एक बस घेतली, सीटा उपटून काढल्या, आत पलंग, ओटा आणि बेताचं न्हाणीघर बसवलं. शेवटच्या स्टॉपच्या पुढं रस्ता कुठं जातो ते एकदा बघायचंच, हे खूळ तिचं. मुलाला ते मुळीच मान्य नव्हतं. जरा काही झालं तर बस विकून मुकाट माझ्याकडे राहायला यायचं, हे त्यानं दोघांकडून कबूल करून घेतलं होतं.

आज सकाळी निघायचं ठरलं होतं. पण बाईसाहेबांनी ऐन वेळी फर्मान काढलं. दरवाज्याला दुसरं कुलूप, त्याला वेगळी बॅटरी, आणि आतलं बटण मी सांगेन तिथं. त्याशिवाय बस हलणार नाही.

पहिलं इलेक्ट्रॉनिक कुलूप त्यानंच हौसेनं बसवलं होतं. बाहेरून आकडे दाबायचे, आतून बटण. गेल्या महिन्यात बॅटरी बसली आणि कुलपाची दातखीळच बसली. तो बाहेर, ती आत. आत छतापाशी एक लाल दांडा होता. तो ओढला की दरवाजा हातानं उघडतो. तिनं ओढला नाही. खिडक्यांना तिनं लावलेल्या जाड पडद्यांवरून सकाळीच खडाजंगी झाली होती, तेव्हा बाई रुसून बसली आहे हे उघड होतं. त्या पडद्यांपायी आतलं काही दिसतही नव्हतं. त्यानं हाका मारमारून घसा कोरडा केला. शेवटी आतून उत्तर आलं. ठक. मग जरा वेळानं, ठसक्यात, आणखी एक ठक.

आता बसमध्ये एक टोला म्हणजे थांब आणि दोन म्हणजे निघ, हे शेंबडं पोरही जाणतं. गर्दीत घंटीच्या दोरीपर्यंत हात पोचला नाही की ती तिकिटाच्या पंचनं दांड्यावर ठोकायची. तो लोखंडी पंच अजून तिच्या किल्ल्यांच्या जुडग्यात होता. दोन टोले ऐकले आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सख्ख्या नवऱ्याला 'निघ' म्हणते! मग तो निघालाच. ओळखीच्या गॅरेजवाल्याकडे चहा पीत बसला, जगातल्या यच्चयावत कुलपांना शिव्या घातल्या आणि दुपार कलल्यावर नवी बॅटरी घेऊन परतला. ती बाहेरून जोडून दरवाजा उघडला तेव्हा बायको पलंगाच्या कडेला बसली होती, केस नीट विंचरून. तिनं काही सांगितलं नाही. त्यानंही विचारलं नाही; तोही काही कमी नव्हता. त्या दिवसापासून ती गुडघा धरून चालत होती, पण या वयात गुडघे दुखायचेच.

"अजून खाली म्हटलं मी."

"घे तुझं खाली!" म्हणत तो वैतागून सरळ जमिनीवर आडवा झाला. गाल फरशीला लागला. डोळ्यांसमोर दरवाज्याची अगदी खालची पट्टी आली, आणि तिच्यावर दोन खळ्या. रंग उडून आतला पत्रा दिसत होता. एक खोल, दुसरी तिच्या शेजारी, जेमतेम उमटलेली. दोन्ही पंचाच्या तोंडाएवढ्या.

त्यानं पडल्या पडल्या हात वर केला. कमरेपाशी पाडलेल्या भोकापर्यंत तो पोचला नाही. छातीच्या उंचीवरच्या भोकाची तर गोष्टच सोडा. लाल दांडा इथून बघितला तर पार छताला टेकलेला होता.

"तू पडली होतीस," तो म्हणाला.

वाटाण्यांचा आवाज थांबला.

"न्हाणीघराच्या उंबऱ्याला पाय अडकला. दरवाज्यापर्यंत सरपटत आले, पुढं दुपारपर्यंत उठवेना. ओरडायला आवाज फुटेना. जुडगा तेवढा कमरेला होता."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर आज कुठं असतो आपण? मुलाच्या बाल्कनीत."

त्यानं खोल खळीवर ड्रिलचं टोक टेकवलं आणि तिच्याकडे बघितलं. तिनं मान हलवली. हो, तिथंच. पण त्याचं बोट काही ड्रिल दाबेना. मनातली अढी अजून सुटली नव्हती.

"एवढं लागलं होतं, तर मला निघ कशाला म्हणालीस? चांगले दोन टोले दिलेस. मी मोजले."

ती गुडघ्यावर हात ठेवून, दम घेत, त्याच्याशेजारी खाली बसली.

"दोन कुठं दिले हो? एकच दिला, थांबा म्हणून. तुमच्या हाका थांबेनात, ऐकू गेलं नाही वाटलं, म्हणून जरा दम खाऊन पुन्हा एक दिला."