चटईखालचा पाय

“वहिनी, आईच्या पायापेक्षा तिच्या चटईकडे लक्ष ठेव,” ऑकलंडला परत जाताना नणंद म्हणाली होती. तेउइलाने ते हसण्यावारी नेलं. चारचौघांत पाय चटईने झाकून बसायची सामोआची रीतच. सासूबाईंची चटई उचलणार कोण?

तीन महिने पाय सुजलेलाच, नुसता ठणकायचा. मीठ बंद, डबाबंद मांस बंद, ताटात फक्त उकडलेला तारोचा कंद. तरी सूज का उतरत नाही, डॉक्टरांना कळेना. मालिशवाली म्हणाली, भुताने धरलंय. पाय गमवावा लागतो की काय, या धास्तीने तेउइला वाळत चालली.

काल तिच्या रांगत्या लेकीने चटई ओढली. पायाशेजारी खारवलेल्या मांसाचे दोन रिकामे डबे, तिसऱ्यात चमचा.

“भुतालाही भूक लागते गं,” सासूबाई पुटपुटल्या.

तुमच्याकडे कुणी पाय झाकून बसलंय का? जरा बघून या.