ड्रॉवरमधला बिल्ला

"हा बघ रिपोर्ट, शून्य! तुला किरणं लागलेलीच नाहीत," डॉक्टर म्हणाले. "तिसरा महिना लागला म्हणून लगेच काम बदलून हवंय होय गं, जयमाला?"

जयमाला त्यांच्याकडे सहा वर्षं एक्स-रे काढत होती. किरणं मोजणारा बिल्ला तिच्या छातीवर असायला हवा होता. पण हरवेल म्हणून डॉक्टर तो तपासणीला जाईपर्यंत ड्रॉवरमध्ये कुलपात ठेवत. शून्य त्या ड्रॉवरचं होतं. आजवर तिनं चालवून घेतलं, कारण जीव तिचा एकटीचा होता. आता पोटात बाळ घडत होतं. किरणांनी त्याचं एखादं जनुक बिघडवलं, तर ती चूक ते जन्मभर अंगावर वागवणार होतं.

बाहेर हात मोडलेलं पोर किंचाळत होतं. अशी पोरं हलू नयेत म्हणून एक्स-रेच्या खोलीत त्यांना धरून बसायची ती. बटण बाहेरून डॉक्टर दाबायचे.

"शून्यच आहे ना, सर? मग आज पोराला तुम्ही धरा. बटण मी दाबते."

डॉक्टर तावातावानं उठले. दारात मात्र त्यांचे पाय थबकले. "किरणं अडवायला अंगावर घालायचा शिशाचा एप्रन कुठंय?"

"असता तर मी घातला नसता का?"