ठकूमावशीचं "बरोबर"

पोरांना रोज एक पान मोठ्या माणसाला वाचून दाखवायचं होतं. शाळेतला नवा उपक्रमच होता तो. गुरुजी उपक्रमाचे तक्ते भरण्यात गुंतलेले, म्हणून पोरं खिचडी शिजवणाऱ्या ठकूमावशीकडे पुस्तकं नेऊ लागली.

मावशीला अक्षर येत नव्हतं. पण पोरांपुढे ते कबूल कसं करायचं? ती पोरांच्या बोटामागून डोळे फिरवी आणि भारदस्तपणे म्हणे, "बरोबर. पुढं!" वर्षभरात एकही पोर चुकलं नाही. तालुक्यात असा निकाल दुसरा नव्हता.

एकदा शाळेच्या पुस्तकपेटीतून नवंकोरं पुस्तक निघालं. भुकेल्या स्वरांजलीनं पान भराभर उरकलं.

"ए भवाने, मधली ओळ गिळलीस की!" मावशी ओरडली. "'मुंगीनं दाणा सोडला नाही,' हे कोण वाचणार?"

"चुकले मावशी," म्हणत स्वरांजलीनं ओळ वाचली. शब्द न शब्द तोच होता.

मावशीच्या हातातला डाव हवेतच थांबला. ही ओळ तिला कुणीच वाचून दाखवली नव्हती. तिनं पदराला हात पुसले, पुस्तक मांडीवर घेतलं आणि पुढच्या ओळीवर स्वतःचं बोट ठेवलं. खिचडी करपली, तेव्हा ती तिसऱ्या पानावर होती.