यादीतला शेवटचा पत्ता

"मेल पोचली का गं, वैजू?" सोमवारी सकाळी बाबांनी फोनवर नेहमीचंच विचारलं. वाचनालयाच्या सभासदांना दर आठवड्याला नव्या पुस्तकांची मेल आपोआप पाठवणारी स्क्रिप्ट त्यांनीच लिहिली होती. "यादीत तुझा पत्ता शेवटचा. तुला पोचली म्हणजे सगळ्यांना पोचली."

"कामात आहे, बाबा. नंतर बघते." तिनेही नेहमीचंच उत्तर दिलं.

मंगळवारी बाबा गेले.

पुढच्या सोमवारी ग्रंथपालबाईंचा फोन आला. "ताई, बाबांच्या नावाने मेल आली. लोक दचकलेत हो. बंद कराल का?"

तिने स्क्रिप्ट उघडली. उठली, खिडकी लावली, उघडली, पुन्हा येऊन बसली. बंद करण्याआधी तिने आजची मेल पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचली.

"पोचली, बाबा," रिकाम्या खोलीत ती मोठ्याने म्हणाली. "सगळ्यांना पोचली."