उशाखालची सुरी

घरात बाळंतीण असली की गोदाची सासू ही सुरी तिच्या उशाखाली ठेवायची. लोखंड बाळाची राखण करतं. गोदाच्या मागच्या खेपेला तिच्या दिराने त्याच सुरीने खोबरं काढलं, टोक मोडलं आणि ती गुपचूप परत ठेवली. पाचवी पुजायच्या आतच गोदाचं बाळ गेलं. दिराला कुणी बोललं नाही. दोष सुरीला लागला. गोदाचे दिवस पुन्हा भरत आले, तशी सासू तिला घेऊन पनवेलला लोहाराकडे आली. “कळंबोलीचं पोलाद हाय, मावशे,” लोहार म्हणाला. “टोक जोडतो, मोडलेलं कलनार पन नाय.” “जोड बाबा,” सासू म्हणाली. गोदाने सुरी पदरात गुंडाळली. “राऊ द्या, आत्याबाय.” “मोडकी? आन पोराला काय झालं तर?” गोदाने पदर आणखी आवळला. मोडक्या सुरीला दोष देता येत होता. सांधलेल्या सुरीनेही बाळ राखलं नाही, तर दोष घ्यायला गोदाच उरणार होती.