राक्षसाला घरबंदी

नातीला भरवता यावं म्हणून आजीने टीव्हीवर राक्षसाचं कार्टून लावलं. तिच्या बाबाने ते बंद केलं आणि तळ्यातल्या बदकाचं लावलं. बदक आपलं संथ चाललं होतं. वाटेत पान आडवं आलं की थांबून त्याची विचारपूस करत होतं.

"हे कसलं रे रटाळ! राक्षस ओरडला की पोरीचं तोंड उघडतं, घास पटकन आत जातो."

"भीतीने उघडतं, आई. या घरात तो पुन्हा ओरडणार नाही."

"अरे, त्याला आवाज तुझाच ना? त्याच्या ओरडण्यावर तर आपली चूल पेटते! देवाने एवढा गळा दिलाय..."

"लेकरांना घाबरवायला नाही दिला. काल हिला प्रेमाने हाक मारली, तर पलंगाखाली जाऊन लपली."

आजीचा हात घासासकट तिथेच थांबला.

तेवढ्यात फोन वाजला. लेकाच्या आधी तिनेच उचलला. राक्षसाचे पुढचे भाग उद्यापासून करायचे, असं स्टुडिओवाले सांगत होते.

"राक्षस गेला हो आमचा," आजी ठणकावून म्हणाली. "बदक हवं असेल तर बोला."