ढिले नट

नट पुन्हा ढिले सापडले.

मालवॅगनच्या छपराखाली आडव्या बसवलेल्या लोखंडी तुळईला निजामोद्दीन मिस्त्रीनं हात लावला, तर ती हलली. काल पान्यानं जोर लावून आवळलेले नट आज नुसत्या बोटांनी फिरत होते. दारात उभे असलेले मालधक्क्याचे बाबू हणमंतराव यांनी कपाळाला हात लावला.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. जिल्हा झाला म्हणून कचेऱ्या आल्या आणि कचेऱ्या आल्या म्हणून तिजोऱ्या आल्या. पाणी तेवढं यायचं राहिलं होतं. या तिजोऱ्या रेल्वेनं येत, आणि एकेक उतरवताना हमालांची कंबर धरे. धक्क्यावर क्रेन नव्हती. मग वरच्या साहेबांनी डोकं चालवलं. एका वॅगनचं छप्पर आतून भक्कम करायचं, तिथं साखळीची कप्पी टांगायची, तिजोरी अधांतरी उचलायची आणि तुळईवरून सरकवत दाराबाहेर काढायची. साहेबांना हे सोपं वाटलं. वॅगनचं छप्पर म्हणजे साधा पत्रा. ऊन आणि पाऊस सोडला तर त्यानं कधी काही पेललं नव्हतं. ते काम करायला नांदेडहून निजामोद्दीनला बोलावून घेतलं होतं.

निजामोद्दीनच्या उस्तादानं एक रीत घालून दिली होती. ज्यानं तुळई बसवली, त्यानंच पहिल्या ओझ्याखाली उभं राहायचं. निजामोद्दीननं ती आजवर चुकवली नव्हती. छपरात खोट राहिली तर पहिला जीव त्याचाच जाणार, हे हणमंतरावांना ठाऊक होतं, आणि म्हणूनच ढिले नट सापडले की ते गुन्हेगार शोधू लागत.

"उन्हानं होतंय," निजामोद्दीन म्हणे. "पत्रा दुपारी फुगतो, रात्री आवळतो. नट सुटणारच."

हणमंतरावांना ते पटत नव्हतं. त्यांचा संशय रेवणप्पावर होता. रेवणप्पा हमालांचा मुकादम. छपरानं ओझं उचललं की त्याच्या माणसांचं काम गेलंच. त्यांनी वॅगनच्या दाराला लावायला कुलूप आणून दिलं. मिस्त्री ते लावायचं रोज विसरे.

काम रेंगाळलं. आठवड्याचं म्हणून आलेला मिस्त्री उन्हाळा अर्धा सरला तरी गुदामाच्या कोपऱ्यात वळकटी टाकून होता. त्याला परतायची घाई नव्हती. बायको जोहरा वारल्यापासून नांदेडच्या घरात त्याच्याशी बोलायला कोणी नव्हतं. मुलगी हसीना देगलूरला आपल्या संसारात गुंतलेली. एकटेपणाची माणसाला सवय होते म्हणतात. निजामोद्दीनला झाली नव्हती. संध्याकाळी घराचं कुलूप काढताना त्याला रडू येई.

इथं निदान नागुबाई होती. ती धक्का झाडायची. दुष्काळात तिचा मुलगा आणि सून नातवाला घेऊन पुण्याकडं जगायला गेले होते आणि रुळांकडेच्या खोपीत ती एकटी उरली होती. गाडी आली की ड्रायव्हर इंजिनातलं गरम पाणी बायांना सोडून देई. नागुबाई ते माठात निववायची आणि दुपारी मिस्त्रीसाठी तांब्याभर आणून वॅगनमध्ये ठेवायची. त्या वेळी वॅगनची भट्टी झालेली असे आणि मिस्त्री नमाज पढून लिंबाखाली पडलेला असे. तो उठला की दोघं थोडा वेळ बोलत. तिचा नातू, त्याची हसीना, कोरडी पडलेली मांजरा नदी. फार काही नाही, पण दोघांचाही दिवस त्या बोलण्यावर निघे.

एकदा तिनं विचारलं होतं, "छप्पर झालं की जानार का मिस्त्री?"

"जावंच लागतंय, बाई. काम संपल्यावर कोन ठेवून घेतंय?"

ती रिकामा तांब्या उचलून झाडायला निघून गेली.

शेवटी वरून हुकूम आला. साहेब स्वतः येणार, आणि त्यांच्यासमोर तिजोरी उचलायची. आता उन्हाचं कारण चालणार नव्हतं. आदल्या दिवशी निजामोद्दीननं सगळे नट आवळले. त्या दुपारीही नागुबाई पाणी ठेवून गेली. दुसऱ्या दिवशी उजाडताच मिस्त्री वॅगनमध्ये एक चक्कर मारून आला. हणमंतरावांनी विचारलं, तेव्हा तो म्हणाला की सगळं ठीक आहे. त्याचा चेहरा मात्र उतरलेला होता.

साहेब आले. धक्क्यावर गर्दी जमली. रेवणप्पा आपल्या हमालांसह एका बाजूला हाताची घडी घालून उभा होता, आणि हणमंतरावांची नजर त्याच्यावरून हलत नव्हती. साखळी ओढली गेली. तुळई करकरली. तिजोरी वॅगनच्या तळापासून सुटली, वर गेली, थांबली. निजामोद्दीन शांतपणे पुढं झाला आणि तिच्या खाली जाऊन उभा राहिला.

"हे कशापायी?" गर्दीतून नागुबाईनं विचारलं. शेजारच्या हमालानं तिला ती रीत सांगितली.

तिच्या हातातला झाडू गळून पडला. लोकांना ढकलत ती वॅगनमध्ये शिरली, थेट तिजोरीखाली गेली आणि तिनं मिस्त्रीची बाही धरून ओढली.

"भाईर या, मिस्त्री. नट मीच ढिले केलेत. कालबी, आन् त्याच्या आधीबी. तुमी जाऊ नये म्हनून. तुमी हितं हुबं ऱ्हाता, हे मला कुनी सांगितलंच न्हाई."

साहेबांनी हणमंतरावांकडं पाहिलं. हणमंतरावांना रेवणप्पाकडं बघवेना.

निजामोद्दीन जागचा हलला नाही. दोघांच्या डोक्यावर तिजोरी जशीच्या तशी टांगलेली होती.

"सकाळीच आवळलेत," तो तिला एकटीलाच ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाला. "आन् दुपारी पाना तुमच्या हाताला लागंल असा रोज कोन ठेवून जात होतं, बाई?"